गोष्टीचा पत्ता : कथासंग्रहांचा संदर्भ देण्याचा मराठी इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, हा तर कॉलेजातल्या मास्तरांचा विषय, आपला त्याच्याशी काय संबंध? शोधनिबंधात कथासंग्रहाचा संदर्भ कसा द्यायचा, हे सांगायला पावसपर्यंत यायची गरज काय? आम्हाला मात्र वाटतं की हा विषय पावसला सांगावा असाच आहे. का, ते बोलण्याच्या ओघात कळेल.

आधी प्रश्न काय आहे ते बघू. सध्याच्या शोधनिबंधांत जागोजागी कंस दिसतात. कंसात आडनाव, स्वल्पविराम आणि साल. 'बागूल, १९६३.' किंवा 'आपटे, २००५.' आता हरिभाऊ आपटे १९१९ साली वारले. ते २००५ मध्ये काय म्हणणार? पण लिहिणाऱ्याच्या हातात २००५ ची आवृत्ती होती, नियमावलीत लिहिलं होतं की पुस्तकावरचं साल घाला, त्यानं घातलं. नियम पाळला गेला आणि इतिहास मोडला. वाचणारा नवा विद्यार्थी हे साल उचलतो, पुढच्या निबंधात घालतो, आणि दहा वर्षांनी कुणीतरी गंभीरपणे लिहितो की एकविसाव्या शतकाच्या आरंभी मराठी कथेत दुष्काळाचा विषय पुन्हा आला. हसू नका. अशी वाक्यं छापली जातात.

कादंबरीचं एक बरं असतं. पुस्तक एक, कृती एक, नाव एक. कथासंग्रह हा प्रकारच निराळा. एका पुठ्ठ्यात दहा-पंधरा स्वतंत्र कृती. प्रत्येक कथेचा जन्म वेगळ्या दिवशी, वेगळ्या मासिकात झालेला. मग कुणीतरी त्या गोळा केल्या, त्यांतल्या एकीचं नाव सगळ्या पुस्तकाला दिलं आणि वर एकच साल घातलं. म्हणजे हे घर एका कुटुंबाचं नाही, चाळ आहे. चाळीचा पत्ता दिला म्हणून माणूस सापडत नाही, खोली नंबर लागतो. तो खोली नंबर द्यायची रीत मराठीत कुठून आली, कुठे हरवली आणि ती नसल्यानं आपलं काय नुकसान होतं, एवढं आज बघायचं आहे.

सुरुवात बरीच मागून करू. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. मराठी गद्याचा तो पहिला मोठा ग्रंथ. त्याचा घाट आजच्या भाषेत सांगायचा तर छोट्या छोट्या कथनांचा संग्रह. एकेक लीळा म्हणजे एकेक प्रसंग. चक्रधरस्वामी गेल्यानंतर त्यांच्या आठवणी ज्यांच्याजवळ होत्या त्यांच्याकडे म्हाइंभट स्वतः गेले. त्यांनी ऐकलं, लिहून घेतलं, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतलं. एकाच प्रसंगाविषयी दोघांच्या आठवणींत फरक पडला, तर तो फरक नावानिशी नोंदवण्याची पद्धत महानुभाव पोथ्यांत दिसते. अमक्याचा पाठ असा, तमक्याचा असा. मंडळी, तळटीप म्हणजे आणखी काय असतं? सांगणारा कोण, त्याला कसं कळलं, दुसरा काय सांगतो. या तिन्ही गोष्टी तिथे आहेत. संदर्भ देण्याची शिस्त ही साहेबानं आणलेली वस्तू आहे, असं आपल्याकडे मानतात. सातशे वर्षांपूर्वीचं हे उदाहरण समोर असताना तसं म्हणणं कठीण आहे.

पण याच ग्रंथानं पुढे संशोधकांना घामही फोडला. मूळ प्रत धामधुमीत नष्ट झाली, मग स्मरणातून पाठ पुन्हा उभे केले गेले, आणि म्हणून पोथ्या वेगवेगळ्या झाल्या. छापील आवृत्त्याही अनेक. ह. ना. नेने यांची, शं. गो. तुळपुळे यांची, वि. भि. कोलते यांची १९७८ ची. या आवृत्त्यांत लीळांचे क्रमांक जुळत नाहीत. तेव्हा कुणी नुसतं 'लीळाचरित्र, लीळा अमुक' लिहिलं तर ते अर्धंच झालं. एकांक, पूर्वार्ध की उत्तरार्ध, आणि आवृत्ती कोणाची, हे सांगितल्याखेरीज ती लीळा हाती लागत नाही.

याउलट ज्ञानेश्वरी पाहा. ग्रंथ १२९० चा. त्यात शे-तीनशे वर्षांत पाठ बिघडले, म्हणून एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती मिळवून तो शुद्ध केला. आज आपण संदर्भ देताना अध्याय आणि ओवी सांगतो. पुस्तक कुठल्याही छापखान्याचं असो, पान कितवंही असो, माणूस त्या ओवीपाशी जाऊन पोहोचतो. राजवाड्यांनी १९०९ मध्ये जुन्या पोथीवरून वेगळी प्रत छापली, तेव्हा पाठ आणि काही ओव्या मागेपुढे झाल्या. पण तेही कळलं कशामुळे? ओवीला क्रमांक होता म्हणून. ज्याला क्रमांक आहे त्याचाच फरक मोजता येतो.

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांना ही सोय परिचयाची आहे. प्लेटोचे संवाद १५७८ साली हेन्री एस्तिएन या मुद्रकानं छापले. त्या आवृत्तीचे पृष्ठांक आजही जगभर प्लेटोच्या प्रत्येक भाषांतराच्या समासात छापतात. ॲरिस्टॉटलसाठी बर्लिनची १८३१ ची बेकरची आवृत्ती तेच काम करते. ग्रीक वाचा, जर्मन वाचा की मराठी, पत्ता तोच. हे कुणा एकाच्या हुशारीनं झालेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या वाचणाऱ्यांनी ठरवलं की आपल्याला एकमेकांशी भांडायचं असेल तर निदान एकाच जागेवर बोट ठेवून भांडू.

आता पावसचं. स्वामी स्वरूपानंदांची अभंग ज्ञानेश्वरी इथल्या घराघरांत आहे. ती ज्ञानेश्वरीचं अभंगरूप आहे. तिच्यातला चरण उद्धृत करून खाली 'ज्ञानेश्वर' असं लिहिलं, तर भावाच्या दृष्टीनं कुणी आक्षेप घेणार नाही. इतिहासाच्या दृष्टीनं मात्र ते चूक आहे. अर्थ तेराव्या शतकाचा, शब्द विसाव्या शतकाचे. दोन्ही नावं सांगावी लागतात, आणि दोन्ही सांगितली म्हणून कुणीच लहान होत नाही. हा विषय पावसला सांगण्यासारखा आहे असं म्हटलं, ते यासाठी. ज्या गावानं हा फरक रोजच्या पाठात सांभाळला आहे, त्याला कथासंग्रहाचा फरक समजावून सांगायला वेळ लागत नाही.

पुढे छापखाना आला. मराठीत छापून निघालेल्या पहिल्यावहिल्या पुस्तकांत गोष्टींची पुस्तकंच आहेत. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीच्या देखरेखीखाली १८१४ मध्ये सिंहासनबत्तिशी आणि १८१५ मध्ये हितोपदेश निघाले. काम पंडित वैजनाथ यांच्या मदतीनं झालं, पण पुढच्या याद्यांत नाव ठळक राहिलं ते कॅरीसाहेबांचं. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी १८२८ मध्ये इसापनीती मराठीत आणली. त्यांचंच 'बाळमित्र' हे मुळात बर्कीन या फ्रेंच लेखकाचं, इंग्रजीवाटे आपल्याकडे आलेलं. म्हणजे छापील मराठी गोष्टीची पहिली पन्नास वर्षं ही बहुतांशी भाषांतराची वर्षं. गोष्टीला मालक असतो ही कल्पना तेव्हा रुळलेली नव्हती. बत्तीस पुतळ्यांच्या गोष्टींचा लेखक कोण, असं विचारणार तरी कुणाला?

१८६७ साली सरकारनं छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला. हेतू अर्थातच देशी छपाईवर लक्ष ठेवण्याचा. पण त्यामुळे पुस्तकाचं नाव, छापणारा, जागा, वर्ष यांची दफ्तरी नोंद होऊ लागली. संशय सरकारचा आणि फायदा संशोधकाचा, असं इतिहासात पुष्कळदा होतं. त्यानंतरच्या काळात शंकर गणेश दाते यांनी एकट्याच्या चिकाटीवर 'मराठी ग्रंथसूची' उभी केली. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ही सूची १९४४ मध्ये निघाली. पुढच्या काळाचा खंड १९६१ चा. आज कुठल्याही जुन्या कथासंग्रहाची पहिली आवृत्ती कधीची, हे शोधायला बसलं की दात्यांच्या दारात जावंच लागतं.

पण ग्रंथसूची पुस्तकाचं साल सांगते. कथेचं साल कोण सांगणार? इथे मासिकं येतात. हरिभाऊंनी १८९० मध्ये 'करमणूक' सुरू केलं. त्यात ते ज्या लहान गोष्टी लिहीत त्यांना 'स्फुट गोष्टी' म्हणत, आणि त्याच नावानं त्या पुढे पुस्तकरूपात आल्या. 'काळ तर मोठा कठीण आला' ही त्यांची गोष्ट दुष्काळाची आहे. १८९६-९७ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या अंगावरून गेला तेव्हाचा तो काळ. हरिभाऊंचा वाचक ती गोष्ट वाचत होता तेव्हा दुष्काळ त्याच्यासाठी इतिहास नव्हता, खिडकीबाहेरची गोष्ट होती. पुस्तकाच्या सालावर ही कथा नेऊन बसवली की तिच्यातली धग निघून जाते. ती आठवणीची कथा होते. लिहिली गेली तेव्हा ती बातमीच्या शेजारी बसलेली होती.

'मासिक मनोरंजन' १८९५ मध्ये का. र. मित्रांनी काढलं आणि १९०९ मध्ये मराठीतला पहिला दिवाळी अंक त्यांनीच दिला. मराठी कथेचा संसार या मासिकांवर उभा राहिला. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले वि. सी. गुर्जर हे मनोरंजनचे लाडके कथाकार. त्यांनी शेकड्यांनी गोष्टी लिहिल्या. त्यांच्या कितीतरी कथांवर प्रभातकुमार मुखोपाध्याय या बंगाली कथाकाराचा प्रभाव आहे, काही तर त्यांच्या आधारानंच लिहिलेल्या. तेव्हाचा वाचक याला चोरी म्हणत नव्हता. गोष्ट चांगली आहे ना, मग झालं. पण आज कुणी गुर्जरांच्या कथेवरून 'विसाव्या शतकाच्या आरंभीचं मराठी कुटुंब' असा निष्कर्ष काढू लागला, तर त्याला थांबवून विचारलं पाहिजे, बाबा रे, हे कुटुंब कोकणातलं की बंगालातलं, हे आधी पाहिलंस का? संदर्भात मूळ आधाराची नोंद का हवी, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

सालाचा फटका सर्वांत जास्त कुणाला बसतो? ज्यांची पुस्तकं उशिरा निघाली त्यांना. आणि पुस्तकं उशिरा कुणाची निघत? काशीबाई कानिटकरांचा जन्म १८६१ चा. लेखनाला त्यांनी एकोणिसाव्या शतकातच हात घातला. 'चांदण्यातील गप्पा' हा त्यांचा कथासंग्रह १९२१ चा. तेव्हा त्यांचं वय साठ. नुसत्या कंसातल्या सालावर इतिहास लिहिला तर काशीबाई या हरिभाऊंच्या नंतरच्या पिढीतल्या ठरतात. प्रत्यक्षात त्या त्यांच्या समकालीन, वयानं तीन वर्षांनी मोठ्याच. एका आकड्यानं माणूस पिढीतून उठवला जातो तो असा.

सालाइतकाच घोळ नावाचा. १९३३ साली ह. वि. मोट्यांनी 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध केलं. लेखिका विभावरी शिरूरकर. अविवाहित, शिकलेल्या, मिळवत्या मुलींची मनं त्या कथांत इतकी उघड बोलली की महाराष्ट्रात गदारोळ झाला. ही विभावरी कोण, बाई की बाप्या, याची चौकशी घरोघर चालली. ते टोपणनाव होतं बाळूताई खऱ्यांचं, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकरांचं. आता संदर्भ कोणत्या नावानं द्यायचा? काही जण उत्साहानं 'बेडेकर, मालती' लिहितात. आम्हाला ते पटत नाही. पुस्तकावर जे नाव आहे ते त्या पुस्तकाचा भाग आहे. त्या काळी हे लिहायला बाईला पडदा घ्यावा लागला, हीच मुळी इतिहासातली वस्तुस्थिती. पडदा काढून नाव लिहिलंत की ती वस्तुस्थितीच पुसली जाते. नोंद 'शिरूरकर, विभावरी' अशीच हवी, खरं नाव पुढे सांगा.

कथाकार 'शांताराम' म्हणजे समीक्षक के. ज. पुरोहित. एकच माणूस याद्यांमध्ये दोन ठिकाणी बसतो. दिवाकर कृष्ण यांचा 'समाधी व इतर सहा गोष्टी' हा संग्रह १९२७ चा. शीर्षकातच किती कथा आहेत त्याचा हिशेब दिलेला, असं सरळ पुस्तक. पण लेखकाचं आडनाव केळकर, आणि ते पुस्तकावर नाही. आडनाव आधी लिहायच्या परदेशी नियमानं चालणारा विद्यार्थी 'कृष्ण, दिवाकर' असं लिहून मोकळा होतो आणि वडलांच्या नावाचं आडनाव करून टाकतो. शिवाय नाट्यछटाकार दिवाकर, म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे, ते निराळेच. नियमावली चांगली असते, पण ती ज्या समाजात तयार झाली त्या समाजाची नावं तिच्या डोळ्यांपुढे असतात. आपल्या नावांसाठी ती जरा सैल करून घ्यावी लागते.

नाव कथेचं आणि नाव संग्रहाचं, हाही एक घोळ. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा. तिच्यावरून १९८३ मध्ये गोविंद निहलानींनी 'अर्धसत्य' काढला. 'सूर्य' याच नावाचा संग्रहही आहे. निबंधात नुसतं 'सूर्य' लिहिलं तर वाचणारा संभ्रमात पडतो. म्हणून साधी खूण ठेवावी. कथा असेल तर एकेरी अवतरणात, संग्रह असेल तर तिरप्या किंवा ठळक अक्षरात. हातानं लिहीत असाल तर खाली रेघ मारा. आणि पाहिला असेल सिनेमा, तर संदर्भ सिनेमाचाच द्या, कथेचा नको. दोन्ही हातांनी घडलेली वस्तू वेगळी असते.

पुस्तकावरच्या सालाला किती किंमत मोजावी लागते, याचं आपल्या साहित्यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण जी. ए. कुलकर्ण्यांचं. 'काजळमाया' या त्यांच्या कथासंग्रहाला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुरस्काराच्या नियमात पुस्तक ठरावीक काळात प्रकाशित झालेलं असावं लागतं. पुस्तक नेमकं केव्हा प्रकाशित झालं, यावरून वाद निघाला, आणि जीएंनी तो पुरस्कार परत केला. त्यांच्या कथांच्या गुणवत्तेविषयी प्रश्नच नव्हता, वाद होता तो तारखेचा. आपण ज्याला कारकुनी म्हणून हसतो, तो तपशील एवढ्या मोठ्या लेखकाच्या दारापर्यंत जाऊ शकतो. पुस्तकावरचं साल, छापून झाल्याचा दिवस आणि वाचकाच्या हाती पडल्याचा दिवस हे तीन वेगळे असू शकतात, एवढं तरी त्यातून शिकायला हवं.

इथवर पत्त्याचं झालं. आता आमच्या विषयाकडे, म्हणजे तत्त्वज्ञानाकडे वळतो. पत्ता बरोबर दिला, तिथे गेलो, कथा सापडली. पण ती कथा सिद्ध काय करते?

व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसे' १९४९ ची. समाजशास्त्राचे आणि इतिहासाचे अभ्यासक हे पुस्तक आवडीनं उद्धृत करतात, आणि करावंच. त्याला कुणी कथा म्हणतात, कुणी व्यक्तिचित्रं. हा निव्वळ वर्गवारीचा वाद नाही. व्यक्तिचित्र म्हटलं की माणूस खरोखर होता असं गृहीत धरलं जातं, कथा म्हटली की तशी हमी राहत नाही. तेव्हा तुम्ही कोणत्या अर्थानं वापरता ते सांगा. दुसरं, 'सांगली जिल्ह्यातील दुष्काळी समाज' असा मथळा देऊन खाली या पुस्तकाचा दाखला येतो. मंडळी, त्या पुस्तकातली माणसं जगली तेव्हा सांगली नावाचा जिल्हा नव्हता. माडगूळ औंध संस्थानात होतं. संस्थान विलीन झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. आपल्याकडेही तेच. खांडेकर १९२० पासून पुढे शिरोड्याला शिक्षक होते, तेव्हा शिरोडं रत्नागिरी जिल्ह्यात होतं. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये. त्या काळच्या कथेतला 'जिल्ह्याचा गाव' कोणता, हे आजचा नकाशा बघून ठरवायचं नसतं.

आता बाबूराव बागूल. 'जेव्हा मी जात चोरली होती', १९६३. मराठी कथेची दिशा बदलणारा संग्रह. शीर्षककथेत 'मी' बोलतो. रेल्वेतल्या नोकरीसाठी नव्या गावी गेलेला तरुण जात लपवतो आणि पुढे त्याची किंमत देतो. बागुलांनी स्वतः सुरतेला रेल्वेत नोकरी केली होती, तिथे जात लपवावी लागण्याचा अनुभव त्यांनी घेतला होता. त्यामुळे निबंधात सहज लिहिलं जातं, 'बागूल म्हणतात की मी…' इथे थांबायला हवं. म्हणतो तो कथेतला 'मी'. तो लेखकाच्या अनुभवातून आला असेल, पण लेखकानं त्याला घडवलं आहे. सवर्ण लेखकाच्या कथेत पहिल्या पुरुषी निवेदन आलं की आपण लगेच 'निवेदक' हा शब्द वापरतो, त्याच्या कलेची चर्चा करतो. दलित लेखकाच्या कथेत तोच 'मी' आला की त्याला जबानी समजतो. म्हणजे एकाला कलावंत मानायचं आणि दुसऱ्याला साक्षीदार. बागुलांनी साक्ष दिली असती तर आत्मचरित्र लिहिलं असतं. त्यांनी कथा लिहिली. संदर्भ देताना 'कथेतील निवेदक' एवढे दोन शब्द लिहिले, तर लेखकाला त्याचं लेखकपण परत मिळतं. आज या सगळ्या बोलण्यातली कुठली एक गोष्ट लक्षात ठेवायची, असं विचाराल तर आम्ही ही सांगू.

मग कथेचा पुरावा म्हणून उपयोगच नाही का? आहे, पण कशाचा, ते ठरवलं पाहिजे. अमुक दिवशी अमुक घटना घडली, हे कथेनं सिद्ध होत नाही. पण त्या काळी अमुक गोष्ट कल्पनेत येऊ शकत होती, बोलता येत होती, वाचकाला ती खरी वाटण्याजोगी होती, हे कथेइतकं चांगलं दुसरं काही सांगत नाही. खानेसुमारीत किती मुली शिकल्या ते मिळेल. शिकलेल्या मुलीला रात्री झोप का लागत नव्हती, ते 'कळ्यांचे निःश्वास'मध्ये मिळेल. दोन्ही पुरावेच, जातकुळी वेगळी.

भाषांतराचंही सांगून टाकू. बागुलांच्या याच संग्रहाचं जेरी पिंटो यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर २०१८ मध्ये आलं. आता मराठी मुलं, मराठी विद्यापीठात, इंग्रजी निबंध लिहिताना त्यावरून उतारे घेतात आणि खाली लिहितात, 'बागूल, २०१८'. पंचावन्न वर्षं गिळली, भाषांतरकार गिळला. इंग्रजीतले शब्द पिंटोंचे आहेत, त्यांना त्यांचं श्रेय द्या. आणि मराठी येत असेल तर मूळ पुस्तक उघडायचा आळस करू नका.

हे सगळं आजच का बोलायचं? कारण अलीकडे निबंधांची संख्या मोजली जाते. २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं वाङ्मयचौर्याविषयी विनियम केले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, पुढे चाळीस, साठ अशा पायऱ्या आणि वाढत्या शिक्षा. हेतू योग्यच आहे. पण यंत्र काय तपासतं? शब्दाला शब्द जुळतो का, ते. दिलेला संदर्भ खरा आहे का, त्या पानावर ते वाक्य आहे का, ती कथा त्या संग्रहात आहे का, हे यंत्र बघत नाही. त्यामुळे साम्य शून्य टक्के आणि संदर्भ सगळे हवेतले, असा निबंध सुखरूप पार होतो. एका समीक्षकाच्या पुस्तकातून कथेचा उतारा घ्यायचा आणि खाली मूळ संग्रहाचं नाव टाकायचं, ही तर सर्रास चाललेली रीत. मग त्या समीक्षकानं एक शब्द चुकीचा उतरवला असेल, तर ती चूक दहा निबंधांतून वंशपरंपरेनं चालते. कुठून घेतलं ते लिहा. 'अमुक यांच्या पुस्तकात उद्धृत' असं लिहिण्यात कमीपणा नाही. न वाचलेलं वाचलं म्हणण्यात आहे.

तेव्हा करायचं काय? आमच्या मते पाच गोष्टी नोंदवाव्यात. पुस्तकावर छापलेलं लेखकाचं नाव. कथेचं नाव. संग्रहाचं नाव, आणि संपादक असेल तर तोही. कथा पहिल्यांदा कुठे व केव्हा आली ते कळत असेल तर ते, आणि संग्रहाच्या पहिल्या आवृत्तीचं साल. शेवटी, आपल्या हातातली आवृत्ती, प्रकाशक, पान. पाच गोष्टींना एक ओळ लागते, फार तर दीड. कंसात लिहायचं असेल तर दोन सालं लिहा, पहिलं कृतीचं, दुसरं हातातल्या प्रतीचं. पान क्रमांकाबरोबर परिच्छेद सांगितलात तर आणखी चांगलं, कारण नव्या आवृत्तीत पानं हलतात, परिच्छेद सहसा हलत नाहीत. कथेला ओवीसारखा क्रमांक नाही, परिच्छेद हीच तिची ओवी. आणि निवडक कथांच्या पुस्तकातून किंवा पाठ्यपुस्तकातून घेत असाल तर तसं स्पष्ट लिहा. पाठ्यपुस्तकात कथा पुष्कळदा कापून घेतलेली असते. कापलेल्या कथेवर निष्कर्ष काढून तो लेखकाच्या माथी मारणं हा अन्यायच.

हे जमण्यासाठी जुनी पुस्तकं आणि मासिकं कुठेतरी जपलेली असावी लागतात. पावसहून रत्नागिरी काही दूर नाही. तिथलं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी. छत्र्यांची इसापनीती ज्या वर्षी आली, त्याच वर्षीचं. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. या संस्था वर्गणीवर आणि देणग्यांवर चालत आल्या आहेत. कोकणातल्या घरांच्या माळ्यावर अजून दिवाळी अंकांचे गठ्ठे असतात. पावसाळ्यात ओल लागते, वाळवी लागते, शेवटी रद्दीवाला येतो. आमची विनंती एवढीच की रद्दीत घालण्यापूर्वी वर्ष आणि अनुक्रमणिका बघा, आणि जवळच्या वाचनालयाला एकदा विचारा. कुणाच्या तरी कथेचं पहिलं छापील रूप त्या एका अंकापुरतंच उरलेलं असू शकतं.

म्हाइंभटांना संदर्भाचे गुण मिळणार नव्हते की बढती मिळणार नव्हती. तरी त्यांनी सांगणाऱ्याकडे जाऊन विचारलं, आणि विचारलेलं तपासून घेतलं. ऐकलेली गोष्ट पुढे सांगताना ती कुणाकडून ऐकली ते सांगायचं, एवढी साधी नीती त्यामागे होती. गोष्ट सांगणाऱ्याचं आपण देणं लागतो, आणि ते देणं फेडायची आपल्याजवळची रीत म्हणजे त्याचा पत्ता नीट लिहिणं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, आणि एखाद्या कथेविषयी विचारणार असाल तर ती कुठल्या संग्रहातली, तेवढं आधी सांगा.